बेडूकवाल्यांचं रक्त

"कुणाची गं तू?" हे विचारल्याशिवाय चेन्सा रापाने आयुष्यात कुणाच्या दंडाला पट्टा बांधला नाही. सिस्टरांच्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, रक्त तपासायच्या खोलीत, ती एकोणचाळीस वर्षं बसली. समोर येणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर असायचंच, पण चिठ्ठीवरच्या नावाचा गोझो बेटावर काय उपयोग? अख्ख्या बेटाला आडनावं मोजकीच, आणि निम्मी माणसं त्यातल्या पाच-सहा आडनावांत कोंबलेली. एकाच गल्लीत तीन बुत्तिजीज राहतात आणि तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. घराणं ओळखायचं ते गावानं ठेवलेल्या नावावरून. कुणी कांदेवाले, कुणी खिळेवाले, कुणी बिशपच्या गाढवाचे. ही नावं पासपोर्टात नसतात, चर्चच्या वहीत नसतात, आणि चारचौघांत तोंडावर घेतली तर हमरीतुमरी होते. तरी खरी ओळख तीच.

चेन्सा बेकरीवाल्याची मुलगी. बाप तिला भट्टीपाशी उभी करणार होता, पण शाळेतल्या सिस्टर दोमितिल्लाने ओळखलं की या पोरीची नजर बारीक आहे. पिठातला किडा ही लांबून दाखवते. तिने चेन्साला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं आणि चेन्सा तिथून उठलीच नाही. लग्न केलं नाही. विचारणारे दोघे होते. एकाची आजी कोण ते तिला पक्कं ठाऊक होतं म्हणून नको म्हणाली, आणि दुसऱ्याची कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं म्हणून नको म्हणाली. निदान ती स्वतः तरी असंच सांगायची.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या मोठ्या बेटावरून डॉक्टर शिक्लुना आले. माणूस हुशार, हात सफाईदार, परदेशात शिकलेला. पण शिस्तीचा भारी भोक्ता. आल्या आल्या त्यांनी रक्ताच्या खोलीत पाटी लावली: नमुन्याला क्रमांक असतो, इतर चौकशी करू नये. चेन्साने पाटी वाचली, चष्मा पुसला, आणि पुढच्या माणसाला विचारलं, "कुणाचा रे तू?"

"चेन्साबाई, पाटी कुणासाठी लावलीय?" डॉक्टर म्हणाले.

"ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी, डॉक्टर. मला नुसतं बघता येतं."

असं चालायचं. डॉक्टर तिला गावठी समजत आणि ती डॉक्टरांना कोरडे समजायची. दोघंही आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर होते.

चेन्साच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, नादुर गावातल्या संतांच्या उत्सवाच्या दिवशी, दुपारी साडेचारच्या सुमाराला, लोरिता स्पितेरीला स्ट्रेचरवरून आणलं. वय सव्वीस, पहिलटकरीण, एकोणतिसावा आठवडा. नवरा जहाजावर. चर्चच्या पायऱ्यांवर रंगीत कागदांचे कपटे पडलेले असतात, त्यावरून तिचा पाय सटकला आणि ती पोटावर आपटली. पोट दुखत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे पडल्यापासून बाळ हललं नव्हतं. ठोके होते, पण कागदावर त्यांची रेघ आळशासारखी सपाट चालली होती.

चेन्सा सुई घेऊन वर गेली. पोरगी घाबरून पांढरीफटक पडली होती.

"कुणाची गं तू?"

"स्पितेरी..."

"ते नवऱ्याचं झालं. तू कुणाची?"

"आईकडून नादुरच्या बेडूकवाल्यांची," लोरिता कण्हत म्हणाली. "फिलिप्पाची मुलगी. मावशी, माझं बाळ आहे ना गं?"

"आहे. हात सैल सोड."

पोटाला मार बसला की बाळाचं रक्त आईच्या रक्तात सांडतं का, ते बघायची एक जुनी तपासणी आहे. आईचं रक्त काचेवर पसरायचं, आम्लात बुडवायचं आणि रंगवायचं. मोठ्या माणसाच्या पेशीतलं हिमोग्लोबिन आम्लात धुऊन जातं, मागे नुसती फिकट टरफलं राहतात. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं आणि चिवट. ते टिकतं, आणि त्या पेशी गुलाबी दिसतात. हजारात एखाद-दुसरी गुलाबी दिसली तर चिंता नसते. लोरिताच्या काचेवर चेन्साला शंभरात तीस दिसल्या.

डॉक्टरांनीही डोळा लावला. त्यांचा चेहरा उतरला.

"सगळं रक्त आईत चाललंय. बाळाला बाहेर काढायला हवं. मोठ्या बेटावरून नवजात बाळांचं पथक मागवतो. हेलिकॉप्टर साडेसहाला येईल. ते उतरलं की लगेच शस्त्रक्रिया."

"एकोणतीस आठवड्यांचं बाळ, डॉक्टर."

"मला मोजता येतं, चेन्साबाई."

"मग हेही मोजा. एवढ्याशा बाळाच्या अंगात सगळं मिळून एक पेलाभर रक्त. या काचेच्या हिशोबानं आठ पेले सांडलंय. मग वर तुम्ही ठोके कुणाचे ऐकताय?"

डॉक्टर थबकले. ते मूर्ख नव्हते. हा हिशोब त्यांच्याही मनात टोचत असणार. पण ते म्हणाले, "रंग गडद बसला असेल, आकडा फुगला असेल. त्यातला अर्धा पेला जरी खरा असला तरी बाळ जातं. याहून खात्रीची तपासणी मोठ्या बेटावर होते, तिचं उत्तर उद्या मिळेल. उद्यापर्यंत थांबलो आणि ते गेलं, तर तिच्या तोंडाकडे तुम्ही बघणार की मी?"

चेन्सा पुन्हा काचेवर वाकली. आणि मग तिला दिसलं की गुलाबी पेशी सगळ्या एका रंगाच्या नाहीत. बाळाच्या पेशी एकसारख्या गडद असतात. या काही गडद, काही मधल्या, काही नुसत्या गुलाबी झाकेच्या. असं तिने एकदाच पाहिलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, याच खोलीत, एका बाळंतिणीच्या रक्तात. त्या बाईचा रक्तगट निगेटिव्ह म्हणून बाळंतपणानंतर हीच तपासणी केली होती. नादुरची फिलिप्पा, बेडूकवाल्यांची, आणि पाळण्यात हीच लोरिता. त्या वेळच्या डॉक्टरांना चेन्सा म्हणाली होती की हे रक्त बाळाचं नसून बाईचंच वाटतंय. ते म्हणाले होते, रंग शिळा झालाय, नवीन बाटली फोड. पस्तिशीची चेन्सा गप्प बसली. बाळ-बाळंतीण ठणठणीत घरी गेली आणि विषय संपला.

ते गप्प बसणं तिला आजवर खुपत होतं.

तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तो अहवाल कुठे आहे?"

"कुठला अहवाल! काच फेकून दिली. माझ्या डोक्यात आहे."

"डोक्यातल्या अहवालावर मी बाळाचा जीव टांगणीला लावू?"

"तिच्या आईचं रक्त पुन्हा बघू."

"बोलवा आईला."

"वारली ती. चार वर्षं झाली," चेन्सा म्हणाली, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "पण भाऊ आहे तिचा. नात्स्यू. हिचा सख्खा मामा. रक्त घराण्याचं असेल तर त्याच्यातही असेल."

"मामा? पुरुषाची ही तपासणी?"

"मग बरंच की! पुरुषाच्या पोटात बाळ नसतं, एवढं तरी तुमच्या परदेशात मान्य आहे ना?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजून पाच मिनिटं. "साडेसहा," ते म्हणाले. "एक मिनिट जास्त नाही. आणि तोवर ठोके बिघडले तर तेवढंही नाही."

जाताना चेन्सा लोरिताच्या खाटेपाशी थांबली. शस्त्रक्रियेचा संमतीचा कागद तिच्या छातीवर होता, हातात पेन होतं. चेन्साने तिला खरं काय ते सांगितलं: डॉक्टरांना काय भीती वाटते, मला काय वाटतं, आणि मी चुकले तर काय होईल. लोरिताने पेन उशीखाली सरकवलं.

"मामाचं रक्त येऊ दे. मग सही करीन नाहीतर फाडीन."

इस्पितळाच्या ड्रायव्हरने चेन्साला नादुरच्या वेशीपर्यंत आणलं. पुढे रस्ता बंद. उत्सव म्हणजे उत्सव. त्या दिवशी नादुरात रुग्णवाहिका काय, पोपही गाडीने आत जाऊ शकत नाही. बँड वाजत होता, फटाक्यांच्या बारांनी खिडक्या थरथरत होत्या, नूगा मिठाई विकणारा ओरडत होता. एकसष्ट वर्षांची चेन्सा, गुडघे कुरकुरणारी, पर्स छातीशी धरून चढ चढत निघाली. लोकांना वाटलं, बाई नवसाला चाललीय. लोकांनी वाट दिली.

नात्स्यू कुठे असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. संतांची मूर्ती आठ जण खांद्यावर वाहतात, आणि डाव्या बाजूच्या पुढच्या दांड्यासाठी नात्स्यूने अकरा वर्षं नंबर लावला होता. यंदा तो मिळाला होता. जागा सोडली की बदली माणूस घुसतो, आणि एकदा गेलेला दांडा परत मिळत नाही. त्यासाठी भावांनी भावांशी बोलणं टाकलेलं आहे.

चेन्सा पोहोचली तेव्हा मूर्ती बेकरीच्या कोपऱ्यावर विसाव्याला थांबली होती. दांड्यांखाली लाकडी बेचकी लावलेली, आठही जण पांढरे झगे घालून, घाम पुसत आपापल्या दांड्याला चिकटून उभे. नात्स्यू म्हणजे मैद्याच्या पोत्याएवढा माणूस. वर्षभर दारूगोळ्याच्या कारखान्यात उत्सवाचे बार भरणारा.

"नात्स्यू, हात दे."

"चेन्सा? हे काय आत्ता?"

"तुझं रक्त हवंय. लोरिता पडली. बाळाचा प्रश्न आहे."

नात्स्यूचा चेहरा पडला. "द्यायचं रक्त? घे की, लागेल तेवढं घे. पण दांडा..."

"दांडा धरून ठेव. मला एक थेंब पुरे. दुसरा हात दे."

तिने पर्समधून सुई काढली, आणि बंदुकीची दारू उघड्या हातांनी ठासणारा हा गडी एकदम मागे सरकला. "सुई आहे ती!"

"मग काय, चमचा आणू? डोळे मीट."

"चेन्सा," मागून पाद्रीबुवांचा आवाज आला, "संतांच्या मिरवणुकीत हे काय चालवलंयस?"

"फादर, संत थांबलेत. बाळ थांबणार नाही."

पाद्रीबुवांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा नात्स्यूच्या बोटाकडे, आणि बँडवाल्यांना हाताने खूण केली की आणखी एक गत वाजवा. नात्स्यूने डोळे घट्ट मिटले. चेन्साने बोट टोचलं, दोन काचांवर थेंब पसरले, आणि पर्सच्या झाकणावर वाळायला ठेवले. "झालं?" नात्स्यूने विचारलं. "केव्हाच," ती म्हणाली. आजूबाजूला हशा पिकला, पण ती तोवर उताराला लागली होती, काचा पुढे धरून, उतू जाणारं दूध नेतात तशी.

सहा वाजता ती खोलीत परतली. काच आम्लात, मग पाण्यात, मग रंगात. हे टप्पे घाईने होत नाहीत. कितीही जीव वर-खाली झाला तरी रंगाला त्याचा वेळ द्यावाच लागतो. चेन्सा घड्याळासमोर उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामाला घाबरली. काच कोरी निघाली तर? फिकट टरफलं आणि बाकी काही नाही? मग सव्वीस वर्षांपूर्वीचा तो डॉक्टर खरा, आणि आपल्या शब्दावर लोरिताने सही अडवून ठेवलेली. तिने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

सव्वासहाला तिने काच भिंगाखाली सरकवली.

गुलाबी. शंभरात जवळपास तीस. काही गडद, काही मधल्या, काही नुसत्या झाकेच्या. पन्नाशी उलटलेल्या, मिशीवाल्या, दारूगोळा भरणाऱ्या पुरुषाच्या रक्तात.

चेन्साने जिन्यातून हाक मारली ती सगळ्या इस्पितळाला ऐकू गेली. "डॉक्टर! खाली या! मामाला दिवस गेलेत!"

डॉक्टर दोन-दोन पायऱ्या उतरत आले. त्यांनी डोळा लावला, काच सरकवली, पुन्हा सरकवली. मग लोरिताची काच लावली, मग परत मामाची. मधल्या वेळात त्यांनी लोरिताचा दुसरा नमुनाही घेऊन स्वतः रंगवला होता. त्यात गुलाबी पेशींचा आकडा एका पेशीनेही वाढला नव्हता. त्याच वेळी छतावर हेलिकॉप्टरची घरघर सुरू झाली आणि सगळ्या काचा किणकिणू लागल्या.

डॉक्टर अजून वाकलेलेच होते. वरून नर्स धावत आली.

"डॉक्टर, हललं! हेलिकॉप्टरच्या आवाजानं दचकलं बहुतेक. लाथ मारली त्यानं, मला हाताला जाणवली! आणि रेघ बघा, कशी टुणटुण उड्या मारतेय!"

शिक्लुना सरळ उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, आणि हा शिस्तीचा माणूस टेबलाला धरून हसू लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चेन्साबाई," तो म्हणाला, "मी आज एका धडधाकट बाईचं पोट फाडणार होतो."

"नाही ना फाडलंत? झालं तर मग."

लोरिताने कागदाचे चार तुकडे केले. तिला रात्रभर देखरेखीखाली ठेवायचं ठरलं, कारण मार तर बसलाच होता. पथक मात्र रिकाम्या हाती परत गेलं. म्हणजे अगदी रिकाम्या नाही, सिस्टरांनी त्यांना पास्तित्सीच्या, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्यांच्या, दोन पिशव्या बांधून दिल्या.

दुसऱ्या दिवशी नादुरात ही बातमी पोहोचली, आणि नात्स्यूचं जगणं मुश्कील झालं. बारमध्ये त्याच्यासमोर दूध ठेवलं जाई. बँडवाल्यांनी त्याच्या खिडकीखाली पाळणा वाजवला. एका म्हातारीने तर विणलेले मोजे आणून दिले. "किती महिने झाले रे?" असं विचारल्याशिवाय त्याला कुणी वाट सोडेना. नात्स्यू आधी चिडला, मग त्याने पोटावर हात ठेवून चालायला सुरुवात केली. बेडूकवाल्यांची जात, चिडवणाऱ्याला थकवतात.

मामा-भाचीच्या रक्ताचे नमुने मोठ्या बेटावरच्या विद्यापीठात गेले. तिथल्यांना अशा रक्तामागचा जनुक ओळखीचा होता. ऑगस्टमध्ये उत्तर आलं, आणि शिक्लुनांनी ते स्वतः लोरिताच्या घरी जाऊन सांगितलं. नात्स्यू होता, चेन्साही होती.

"केएलएफ-वन नावाचा जनुक आहे," डॉक्टर म्हणाले. "लाल पेशी घडतात त्या कामावरचा मुकादम समजा. आईच्या पोटात बाळाचं हिमोग्लोबिन एका जातीचं असतं, आईकडून प्राणवायू ओढून घेणारं. जन्मानंतर काही महिन्यांत हा मुकादम हुकूम सोडतो: जुना माल बंद, मोठ्या माणसाचा माल सुरू. प्रत्येकाला असे दोन मुकादम, एक आईकडचा, एक बापाकडचा. तुमच्या घराण्यात त्यातला एक कामाला येतच नाही. मग हुकूम अर्धाच सुटतो, आणि जुना माल थोडा थोडा जन्मभर निघत राहतो."

"म्हणजे मी आजारी?" नात्स्यूने विचारलं.

"अजिबात नाही. तुम्हाला कळलंही नसतं. एवढंच, की तुमच्या रक्तात अजून थोडं बाळ आहे."

"हे बायकोला लिहून द्या, डॉक्टर. ती रोज म्हणते की तू मोठा कधी होणार."

त्या महिन्यापासून इस्पितळाच्या चिठ्ठीवर नावाखाली एक रेघ वाढली: गावातलं नाव. ती डॉक्टरांनीच छापून घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी ती एका म्हाताऱ्याला मोठ्याने विचारली, आणि म्हाताऱ्याने काठी उगारली. अशा गोष्टी विचारायच्या कशा हे छापता येत नाही. चेन्सा त्यांना ते शिकवत होती. निवृत्तीला तिचे चार महिने उरले होते, आणि विद्यार्थी जरा मठ्ठ होता.

सप्टेंबरच्या अकरा तारखेला, पूर्ण दिवस भरून, लोरिताला मुलगी झाली. सव्वातीन किलो. रडली ती अशी की खालच्या खोलीत चेन्साला वेगळं सांगावं लागलं नाही. शिक्लुना स्वतः टाचेच्या रक्ताची काच घेऊन खाली आले, आणि चेन्सा ती रंगवून, बघून, जिना चढून वर गेली. नात्स्यू दाराशी उभा होता, सुईपासून सुरक्षित अंतरावर.

"सगळ्या गुलाबी," चेन्सा म्हणाली. "शंभरातल्या शंभर म्हणा."

"म्हणजे आमचीच!" नात्स्यू ओरडला.

"गप रे. आत्ता जन्मलेली सगळी बाळं अशीच असतात, पोपचं असो की पाववाल्याचं. मुकादम हुकूम कसा सोडतो ते बघायला हवं. वर्षभर तरी कळायचं नाही."

"नमुना विद्यापीठाला पाठवला तर आठवड्यात कळेल," डॉक्टर म्हणाले. "पाठवू का?"

लोरिताने मुलीला दुसऱ्या अंगाला घेतलं. मुलीने डोळे न उघडता तोंड शोधलं आणि चुटुचुटु प्यायला लागली.

"नको, डॉक्टर," लोरिता म्हणाली. "वर्ष लागतंय तर लागू दे. हिला आता कसली घाई नाही."